प्लूटोच्या मुहूर्तावरचा मोतीबिंदू

मी डॉक्टर नाही. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण नोकरीतला निम्मा जन्म हेच सांगण्यात गेला आणि ते कोणी मनावर घेतलं नाही. सरकारी कागदावर मी नेत्रचिकित्सा सहायक. म्हणजे तालुक्याच्या दवाखान्यात एका अंधाऱ्या खोलीत बसायचं, बॅटरीने डोळ्यांत पाहायचं, तक्ता वाचून घ्यायचा, चष्म्याचा नंबर काढायचा. मोतीबिंदू सापडला की पेशंटला समजावून, रागावून, प्रसंगी त्याच्या सुनेशी भांडून ऑपरेशनला जळगावला न्यायचं. ऑपरेशन डॉक्टर करतात. पण पट्टी निघाल्यावर पेशंटला पहिल्यांदा दिसते ती बहुतेक वेळा मी. मला पाहून लोक रडले आहेत, पाया पडले आहेत. एका म्हातारबांनी मात्र निरखून पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, आवाजावरून तुम्ही गोऱ्या वाटत होत्या." थेंब टाकून त्यांना घरी पाठवलं.

माझ्या बदल्यांचा पाढा वाचत नाही. जन्म धुळ्याचा, नोकरी बरीचशी जळगाव जिल्ह्यात, एवढं पुरे. लोकांनी माझं नाव कधी विचारलं नाही. 'चष्म्यावाल्या मॅडम' म्हणत.

तक्त्याबद्दल सांगायला हवं. वाचता येणाऱ्यांसाठी अक्षरांचा तक्ता असतो. न येणाऱ्यांसाठी एकच खूण वेगवेगळ्या दिशांना वळवलेली असते, एक उभी दांडी आणि तिला तीन आडव्या. सरकारी पुस्तकात तिला इंग्रजी अक्षराचं नाव आहे. आमच्याकडे पहिल्याच वर्षी एका शेतकरी बाईने ते पाहून "हे तं दाताळं" म्हटलं आणि तेव्हापासून मी जन्मभर "दाताळ्याचे दात कोणीकडे?" असंच विचारत आले. वरच्या अंगाला, खालच्या अंगाला, सूर्य उगवतो तिकडे, अशी उत्तरं येत. ती सगळी बरोबर असत.

एक एसटीचा ड्रायव्हर आठवतो. बाहेर बाकावर बसून, आधीच्या लोकांचं ऐकून त्याने अख्खा तक्ता पाठ केला होता. आत आल्यावर धडाधड म्हणून दाखवला, एकही चूक नाही. फक्त मधल्या वेळात मी तक्ता बदलला होता! मी पोट धरून हसले. मग त्याचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. चष्मा लागला की स्टिअरिंग सुटतं, असं कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलेलं. साध्या चष्म्याने भागणारं काम, आणि तो बिचारा वर्षभर तसाच गाडी हाकत होता, आतून घाबरलेला. लोक डोळ्याचं दुखणं जितकं लपवतात तितकं दुसरं कुठलं लपवत नसतील.

आणि मोतीबिंदूचं तर विचारू नका. आमच्याकडे मोतीबिंदू 'पिकावा' लागतो. "अजून कच्चा आहे, पिकू द्या" म्हणून माणसं वर्षानुवर्षं चाचपडत बसतात. रावेरकडच्या केळीवाल्यांना मी म्हणायची, "केळी कच्ची उतरवून पिकवायला पाठवता ना? मग हाच तेवढा झाडावर कशाला पिकवता?" त्यावर हसायचे, आणि तरीही हिवाळ्यातच यायचे. कारण दुसरा नियम: ऑपरेशन हिवाळ्यातच. उन्हाळ्यात डोळा तापतो, पावसाळ्यात चिघळतो. हा नियम कुठल्याही पुस्तकात नाही. पण दिवाळीनंतर माझ्या खोलीपुढे जत्रा आणि पावसाळ्यात शुकशुकाट, ही माझी सगळी नोकरी.

म्हणून त्या वर्षी पहूरचे एक आबा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे माझ्यापुढे येऊन बसले आणि "मले पावसायात ऑपरेशन पाहिजे" म्हणाले, तेव्हा मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

आबा उंच, काटक. कपाशीचं रान होतं, ते आता मुलगा पाहत होता. सोबत अक्का, त्यांची बायको, त्यांचा हात धरून. दोघंही दाराच्या पायरीला अडखळले, म्हणून मी शिपायाला त्या पायरीवरून झापलं. आबांचा डावा डोळा कायमचा गेलेला, पांढरा. उजव्यात मोतीबिंदू, आणि तोही साधा नाही, चांगला तपकिरी झालेला, जुन्या गुळासारखा. दाताळं दाखवलं. "कोन्तं दाताळं?" म्हणाले. भिंतच दिसत नव्हती.

"पावसाळ्यातच कशाला, आबा? दिवाळीनंतर करू."

"दिवाळीपरेंत ते निंघून जाईन."

"कोण?"

"यान. प्लूटोपाशी चाल्लं ना ते. नऊ वर्सं झाले निंघून. पावसायात पोचतं. आन थांबत नाही ते तिथी, पाहते आन पुढे जाते."

मला यातलं काडीचं ठाऊक नव्हतं. शाळेत नऊ ग्रह पाठ केले होते, पुढे एक कमी झाल्याचं कानावर आलं होतं, संपलं. आबांनी मला अंधाऱ्या खोलीत बसवून शिकवणी दिली. बाहेर पेशंटची रांग! प्लूटो इतका लांब की आजवर त्याचा धड फोटो नाही, मोठ्यात मोठ्या दुर्बिणीतूनही नुसता पुसट ठिपका. पहिल्यांदाच कोणी जवळ जाऊन त्याचं तोंड पाहणार होतं. आणि ज्या वर्षी हे यान निघालं, त्याच वर्षी इकडे शास्त्रज्ञांनी सभा भरवून, मत घेऊन प्लूटोला ग्रहांतून काढलं आणि बटुग्रह ठरवलं.

"हात वर करून काढलं त्याले," आबा म्हणाले. "मलेबी तसंच काढलं. त्याच सालात."

आबा सरपंच होते. अविश्वासाचा ठराव आला, सभेत हात वर झाले, पद गेलं. हात वर करणाऱ्यांत सख्खा चुलतभाऊ होता. "पद गेलं म्हनून मानूस गाव सोडून जातो का? तोबी तिथीच फिरून राहिला. मले त्याले पाह्यचं हाये मॅडम, बस्."

मी म्हटलं, "आबा, फोटो काही पळून जात नाहीत. हिवाळ्यात डोळा करू, मग सावकाश पाहा."

"लग्नाचे फोटोबी मागून पाह्याले भेटते," आबा म्हणाले, "म्हनून लग्नाले जायाचं सोडतं का कोनी?"

मी अक्कांकडे पाहिलं. अक्का माझ्याच मुलखातल्या, माहेर धुळ्याकडचं. इतकी वर्षं पहूरला काढूनही बोलणं अहिराणीच. मी धुळ्याची आहे म्हटल्यावर तोंडभर हसल्या होत्या. आता मात्र हसू कुठल्या कुठे गेलं.

"पावसायात नही म्हंजे नही," त्या म्हणाल्या. "तो डावा डोया पावसायातच गया. कोठेतरी शिबिर व्हतं, करी उना, आन चौथ्या दिवशी पू. माले नको सांगू तू. एकच शे आते."

बाकीच्यांची समजूत मी थट्टेवारी न्यायची, पण ही बाई स्वतःच्या घरात डोळा गेलेला पाहून बोलत होती. पुढच्या फेरीला मी दोघांना जळगावला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी डोळा पाहिला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "एकच डोळा आहे, मला हात लावायला भीती वाटते. पण थांबलो तर आणखी घट्ट होईल, मग जास्त भीती वाटेल." म्हणजे प्लूटो असो नसो, वाट पाहण्यात शहाणपण नव्हतंच. तेव्हाचं शिबिर निराळं, आताची तऱ्हा निराळी, बारीक छेद, बिनटाक्याचं, ऋतूशी काही संबंध नाही, हे सगळं मी अक्कांना दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून पुन्हा पुन्हा सांगितलं.

अक्कांनी शेवटी पदर खोचला. "बरं. आन डोया गया तं? मंग हात धरीसन तू फिरवशी का त्यास्ले? शेतात, मोरीत, मानसांत? बोल."

"फिरवीन!" मी म्हटलं. रागात म्हटलं, पण म्हटलं. नोकरीत मी कोणाला असा शब्द कधी दिला नव्हता. देऊही नये.

अक्का थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या, निदान मला तेव्हा तसं वाटलं. मग म्हणाल्या, "त्या ठिपक्यापायीच उठी बसनात ते. नहीतर मी कसाले हो म्हनती?"

त्याचा अर्थ त्यांच्या मुलाने मला सांगितला. डोळा अंधारल्यावर आबांनी खाट धरली होती. भिंतीकडे तोंड करून पडायचे, जेवायला उठवलं तर "कोनासाठी?" म्हणायचे. मग अक्कांनी सकाळी पेपर वाचून दाखवायला सुरुवात केली. गावाच्या बातम्यांत त्यांचं मन लागेना. पण प्लूटोचं काही आलं की उठून बसायचे. मग तर रोजच यायला लागलं. आज यान एवढं पुढे गेलं. आज त्याने लांबून पाहिलं, प्लूटो निळा दिसतो म्हणे, निळाशार, आणि त्याला म्हणे धुक्याचं पागोटं. आबा अंघोळ करून, धोतर नेसून, पेपर यायच्या आधी ओट्यावर बसायचे. प्लूटो कसा निळाशार दिसतो, हे त्यांनी मलाही दोनदा ऐकवलं.

ऑपरेशन झालं. त्यात सांगण्यासारखं एवढंच, की मी बाहेर अक्कांशेजारी बसले होते आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला ऑपरेशनच्या खोलीचा लाल दिवा बघवेना. शिवाय तो धोंड्याचा महिना. अक्का मधूनच पुटपुटायच्या, "धोंडाना महिनामा धोंडा देखाले निंघनात आमना आबा!" आणि लगेच डोळे पुसायच्या.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. मी बोटं दाखवली.

"दोन. आन नखं वाढली तुमचे मॅडम."

डॉक्टर हसायला लागले. पडदा हिरवा, भिंत पांढरी, सगळं बरोबर. तपकिरी मोतीबिंदू काढला की माणसाला जग एकदम धुतल्यासारखं दिसतं, कारण तोवर सगळं त्या गुळातून पाहिलेलं असतं. आबा प्रत्येक वस्तूकडे पाहून तिचा रंग मोठ्याने सांगत होते. अक्का मान डोलावत होत्या.

पुढचे काही दिवस त्यांना जळगावातच ठेवलं, त्यांच्या भाच्याकडे. आणि तो दिवस आला. संध्याकाळी बातम्यांत फोटो दाखवणार, असं भाच्याने शोधून काढलं होतं, पण नेमकी त्याच्या घरची वीज गेली. आबांची घालमेल पाहून मी दोघांना दवाखान्यासमोरच्या चहाच्या दुकानात नेलं. दुकानदाराला विनवून क्रिकेट बंद केलं. गिऱ्हाइकं कुरकुरली, मी त्यांच्याकडे तक्ता वाचायला लावणाऱ्या नजरेने पाहिलं.

निवेदिका आली. मागे फोटो आला. दुकानातला एक जण म्हणाला, "एवढंच?"

आबा उठून टीव्हीजवळ गेले. अगदी जवळ. आणि त्यांचे खांदे पडले.

"मॅडम," ते म्हणाले, आणि तो आवाज मला अजून ऐकू येतो, "डोया गेला. तपकिरी दिसून राहिला."

"काळा चष्मा काढा आधी!" मी ओरडले. तो त्यांनी आधीच काढून हातात धरला होता. मी त्यांना दारात उजेडात ओढलं, बॅटरी काढली, पापणी वर केली. लाली नाही, पाणी नाही, भिंग जागच्या जागी. "माझा कोट कसा दिसतो?" पांढरा. "हे दूध?" पांढरं. "अक्कांचं लुगडं?" हिरवं, काठ लाल. "मग तो टीव्हीवरचा?"

"तपकिरी. गुयासारखा. पहिले दिसे तसा."

मी स्वतः टीव्हीकडे पाहिलं. मेले, इतका वेळ मी फोटो पाहिलाच नव्हता! तपकिरीच होता. विटकरी, मळकट, आणि एका अंगाला मोठा फिकट पट्टा.

"आबा, डोळा ठणठणीत आहे. तो आहेच तसा."

"नाही," आबा म्हणाले. "निळा हाये तो. रोज पेपरात होतं. दिवाळीपासून रोज." आणि ते अक्कांकडे वळले. "हिनं वाचलं ना."

अक्का चहाच्या बाकड्याची कड धरून उभ्या होत्या. खाली पाहत.

"पेपरमा काही नव्हतं," त्या म्हणाल्या. "कधीमधी यायचं, रोज कुठून येईन? आन आलेलंबी माले वाचता येत नव्हतं. दिवाळीपासून अक्षर दिसत नही माले. मी बठ्ठं मनानंच सांगत व्हती. निळा म्हटलं, तं तुम्ही उठी बसनात. मंग रोज सांगं."

दुकानातली सगळी माणसं अक्कांकडे वळली. क्रिकेटवालेसुद्धा.

"डोये जाऊन राहिले तं सांगितलं काबरं नाही?"

"एक आंधळा पुरे व्हता घरात," अक्का म्हणाल्या.

मला उभ्या जागी शरम वाटली. आखाजीपासून ही बाई माझ्यासमोर येऊन बसत होती, पायरीला अडखळत होती, आणि मी पायरीला नावं ठेवली. डोळ्यांचं खातं माझं, आणि मी फक्त ज्याचा केसपेपर आहे त्याचेच डोळे पाहिले. आमच्या धंद्याला ही खोड लागतेच.

आबा रागावतील असं मला वाटलं. नाहीतर रडतील. त्यांनी दोन्हीतलं काही केलं नाही. टीव्हीवर फोटो अजून होता. मग अक्काच हळूच म्हणाल्या, "कसा शे मंग?"

चार हातांवर टीव्ही होता. आबांनी अक्कांच्या दंडाला धरून त्यांना पुढे नेलं आणि सांगायला लागले. "कळन्याच्या भाकरीसारखा हाये. तव्यावर जरा जास्त राह्यली तशी. आन इकडून, ह्या अंगानं, लोनी लावल्यावानी पांढरा. गोल हाये पन, बरं का. चांगला गोल हाये."

"खडबडीत तं नही ना कोठे?"

"नाही नाही. गुळगुळीत हाये तो."

"बरं झालं," अक्का म्हणाल्या.

आठवड्याने आबा डोळा दाखवायला तालुक्याला आले तेव्हा मी आधी अक्कांना खुर्चीत बसवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ठळक. त्यांनी लगेच "हिवायात पाहू" सुरू केलं. मी म्हटलं, "ते नंतर भांडू." आधी आबांचं जवळचं पाहायचं होतं. ऑपरेशनमध्ये टाकलेल्या भिंगाने लांबचं दिसतं, वाचायला वेगळा चष्मा लागतो, आणि तो महिनाभराने, डोळा स्थिरावल्यावर द्यायचा असतो. तोवर अंदाज घ्यायला आमच्याकडे एक लोखंडी चौकट असते. ती नाकावर चढवायची आणि तिच्यात गोल भिंगं एकेक अडकवून पाहायची. चौकट घातलेला माणूस कुठल्यातरी कारखान्यातून पळून आल्यासारखा दिसतो. आबा तर फारच.

वाचायचा छापील कागद मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि बंडीच्या खिशातून पेपरचं पान काढलं. "हे वाचून पाह्यतो. प्लूटोचं आलं हाये."

अक्का खुर्चीतच पुढे सरकल्या. आबा अडखळत वाचायला लागले. प्लूटोवर डोंगर सापडले. बर्फाचे. भले उंच. "सातपुड्याहून उंच," असं त्यांनी मधे आपल्या पदरचं घातलं.

"आखो?" अक्का म्हणाल्या, म्हणजे आणखी काय.

आबांनी चौकट सावरली. आखो म्हणजे, त्या डोंगरांच्या पायथ्याला मैदान हाये, पांढरंधोट, कापूस वेचून वाळत घातल्यासारखं. आखो म्हणजे, तिथी वारा हाये, पण मंद. आखो म्हणजे, यान पुढे गेलं, पण जाता जाता त्यानं मागं वळून पाह्यलं आन प्लूटोच्या भोवती निळी कड दिसली. निळीच, बरं का, पेपरातच लिहिलं हाये.

मी भिंगाची पेटी हातात घेऊन त्यांच्या पाठीमागे उभी होते. बातमी चार ओळींची होती, पानाच्या कोपऱ्यात. खाली खतांची जाहिरात होती. आबांचं बोट त्या जाहिरातीवरून ओळीने, शिस्तीत पुढे सरकत होतं. बाहेर रांग खोळंबली होती. शिपायाने दारातून डोकावून पाहिलं, तेव्हा मी त्याला हातानेच थांबायला सांगितलं.